७८ हजारांची सबसिडी हातात येईपर्यंतचे आमचे सात महिने

परवा मधल्या सुट्टीत शाळेतल्या एका मॅडमनी विचारलं, "सोलरची सबसिडी खरंच मिळते का हो, का नुसतंच सांगतात?" त्यांना सांगायला लागले तर घंटा झाली तरी माझं संपेना, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. तर मिळते. आम्हाला मिळाली, पूर्ण ७८ हजार, मार्च २०२५ मध्ये. पण ऑगस्ट २०२४ ला सुरुवात केली होती आणि या सात महिन्यांत छतावरचं काम फक्त तीन दिवसांचं होतं, बाकी सगळा वेळ कागदांमध्ये गेला. ते कागद आधी माहीत असते तर तीन महिन्यांत काम झालं असतं असं मला अजूनही वाटतं.

आम्ही बार्शीत राहतो. घरी मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. स्लॅबचं घर आहे, वर मोकळी गच्ची. उन्हाचं काही सांगायलाच नको, एप्रिल-मेमध्ये गच्चीवर चप्पल न घालता पाय ठेवता येत नाही. मुलीची बारावी होती म्हणून २०२३ ला एसी घेतला आणि बिलाने जे डोकं वर काढलं ते खाली यायलाच तयार नाही. एरवी आमचा वापर महिन्याला २८० युनिटच्या आसपास, म्हणजे बिल बत्तीसशे, आणि उन्हाळ्यात ३८० युनिट झाले की तेच बिल पाच हजारांवर. शंभर युनिट वाढले की दीड हजार-पावणेदोन हजार वाढतात हे कसं काय, हे मी तेव्हा पहिल्यांदा बिल उलटसुलट करून समजून घेतलं. पहिल्या १०० युनिटला तेव्हा वहन आकार (वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून सहा रुपयांच्या आत दर होता, १०१ ते ३०० ला तो एकदम साडेअकराच्या जवळ आणि ३०० च्या पुढे पंधराच्या वर, शिवाय या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे सोलर बसवल्यावर जे युनिट वाचतात ते आधी वरचे महागडे वाचतात. हे कळल्यावर मी मिस्टरांच्या मागे लागले.

पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. हिशोब सोपा आहे, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे मिळून ७८ हजार, आणि त्याच्यापुढे पाच बसवा नाहीतर दहा बसवा सबसिडी तेवढीच. एक किलोवॅट म्हणजे आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट धरतात, जागा शंभर स्क्वेअर फूट लागते. आमच्या वापराला तीन किलोवॅट बरोबर बसत होतं. एका विक्रेत्याने पाच किलोवॅट घ्या, पुढे इलेक्ट्रिक गाडी घ्याल तेव्हा उपयोगी पडेल असं बरंच समजावलं, पण जे आज वापरायचं नाही त्याला कर्ज कशाला काढायचं, म्हणून नाही म्हटलं. ते बरं झालं, का ते पुढे लिहिते.

आता मुख्य गोष्ट. योजनेच्या पोर्टलवर, म्हणजे वेबसाइटवर, रजिस्टर करताना वीजबिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकावा लागतो, आणि तो टाकला की बिल ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव समोर येतं. समोर नाव आलं सासऱ्यांचं. ते २०१९ ला वारले. पाच वर्षं आम्ही त्यांच्या नावाचं बिल भरत होतो आणि कधी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही की हे बदलायला पाहिजे. सबसिडी ज्याच्या नावावर वीजजोडणी त्याच्याच बँक खात्यात येते, मग आता करायचं काय.

मिस्टर म्हणाले आईच्या नावावर करूया, घर तिचं आहे. मलाही तेच बरोबर वाटलं. अर्ज घेऊन वीज ऑफिसात गेलो तर तिथल्या क्लार्क ताईंनी कागद हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "कर्ज काढणार आहात का?" हो म्हटल्यावर म्हणाल्या मग आजींच्या नावावर करू नका, बँक वय बघते, एकाहत्तराव्या वर्षी कर्ज देणार नाहीत आणि तुम्हाला परत नाव बदलायला यावं लागेल. त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही, कारण हे कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं. मग मिस्टरांच्या नावावर करायचं ठरलं, त्यासाठी मृत्यू दाखला, नगरपालिकेचा घराचा उतारा, वारस म्हणून सासूबाईंचं आणि नणंदेचं संमतीपत्र. नणंद पंढरपूरला असते, ती एका रविवारी येऊन सह्या करून गेली. सासूबाई सही करताना थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, हे मीटर आलं तेव्हा गल्लीत एकच खांब होता आणि तुझ्या सासऱ्यांनी तीन दिवस रजा काढून लाइनमनच्या मागे फिरून वायर आणली होती. मग सही केली. जुनं एक बिल त्यांनी घडी घालून त्यांच्या डब्यात ठेवलंय.

नाव बदलून नवं बिल हातात यायला सप्टेंबर संपला. तुमच्याही घरी बिल आजोबा-पणजोबांच्या नावाने येत असेल तर सोलर घ्यायचं ठरण्याची वाट बघू नका, आधी ते करून टाका.

ऑक्टोबरमध्ये पोर्टलवर अर्ज केला, मोबाइल नंबर मिस्टरांचा स्वतःचा टाकला. हे मुद्दाम लिहितेय कारण बरेच विक्रेते म्हणतात तुम्ही काही करू नका, आम्हीच सगळं भरतो, आणि स्वतःचा नंबर टाकतात, मग ओटीपी त्यांना आणि मेसेज पण त्यांनाच, तुमचा अर्ज कुठं अडकलाय हे तुम्हाला कळायचा काही मार्गच राहत नाही. दहा किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, मंजुरी आपोआप धरली जाते, त्यामुळे आमचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने घराला जास्तीत जास्त जेवढे किलोवॅट दिलेत तो, कमी होता तरी त्याच्यामुळे काही अडलं नाही.

मग कोटेशनं. तिघांकडून घेतली. पहिल्याचं ऐकून आम्ही खूष झालो होतो, तो म्हणाला सबसिडी वजा करून फक्त ९० हजार, बाकी विसरून जा. घरी येऊन शांतपणे बसल्यावर लक्षात आलं की सबसिडी त्याला मिळणारच नाहीये, ती आपल्या खात्यात येते, आणि तीसुद्धा सगळं बसवून झाल्यावर. म्हणजे आधी पूर्ण पैसे आपणच द्यायचेत. परत जाऊन विचारलं पॅनल डीसीआर आहेत का, तर म्हणाला "सेम क्वालिटी आहे मॅडम." डीसीआर म्हणजे पॅनल पण भारतात बनलेलं आणि त्याच्या आतले सेल पण भारतातच बनलेले, सबसिडी फक्त त्यालाच मिळते. बाहेरच्या देशातले सेल आणून इथं जोडलेले पॅनल स्वस्त पडतात, वीज ते पण चांगलीच देतात, पण त्यावर सबसिडीचा एक रुपया मिळत नाही. त्यामुळे कोटेशनवर डीसीआर हा शब्द लिहून घ्या, आणि पॅनल आले की प्रत्येकाच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. आम्ही शेवटी दुसऱ्या माणसाला काम दिलं, ५४० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, एक लाख ९५ हजार, आणि स्ट्रक्चर उंच करायचे पंधरा हजार वेगळे.

उंच स्ट्रक्चरचीही एक कथाच आहे. सासूबाईंचा सोलरला विरोध नव्हता, त्यांना काळजी होती वाळवणाची. दरवर्षी उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड, तिखट, हळद, सगळं त्या गच्चीवर, शेजारच्या दोन घरांचंही आमच्याकडेच. मी म्हटलं पॅनल आठ फूट वर घेऊ, खाली जागा राहील. त्या म्हणाल्या, "अगं खाली सावली पडणार, सावलीत कुरडई वाळती का?" अगदी बरोबर बोलल्या. मग गच्चीचे दोन भाग केले, पॅनल जिन्याच्या बाजूला आणि रस्त्याकडची बाजू वाळवणाला मोकळी. पण तरी स्ट्रक्चर उंच घेतलंच, कारण पॅनलखाली आता कपडे वाळतात आणि मुलं संध्याकाळी तिथं अभ्यासाला बसतात, शिवाय त्या खोलीचा स्लॅब आता पूर्वीसारखा तापत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सावलीचं अजून एक. विक्रेत्याचा मुलगा ऑक्टोबरमध्ये दुपारी बारा वाजता आला, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला सावली नाही. मला पटेना. पाण्याची हजार लिटरची टाकी आहे आणि दक्षिणेला शेजाऱ्यांचा कडुलिंब. मी दिवाळीच्या सुट्टीत शाळेतला खडू घेऊन सकाळी आठपासून दर तासाला सावलीच्या कडेने रेघ मारली. तीन वाजता टाकीची सावली नेमकी तिथे येत होती जिथे त्याने शेवटचं पॅनल दाखवलं होतं, आणि डिसेंबरमध्ये सूर्य अजून दक्षिणेला खाली जातो म्हणजे सावली आणखी लांब. पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात, एकावर सावली आली तर बाकीच्यांवरही परिणाम होतो. रेघा दाखवल्यावर त्याने काही वाद न घालता सगळी रांग चार फूट सरकवली. हे घरच्या माणसानेच करायचं काम आहे, विक्रेता दहा मिनिटांसाठी येतो.

कर्जाचं तर काय सांगू. योजनेत तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आत तारण न घेता तेव्हा, २०२४ ला, साधारण सात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळत होतं, पण आम्ही ज्या बँकेत गेलो तिथे पहिल्यांदा सांगितलं अशी स्कीम आमच्याकडे नाही, पर्सनल लोन घ्या, आणि त्याचा दर साडेअकरा. मी घरी येऊन त्याच बँकेच्या वेबसाइटवरचं पान प्रिंट केलं आणि दुसऱ्या दिवशी टेबलवर ठेवलं. मग साहेबांनी वरच्या ऑफिसला फोन केला आणि स्कीम सापडली. मला राग आला होता, अजूनही येतो, कारण मी शिक्षिका आहे म्हणून प्रिंट काढून नेऊ शकले, जिला हे जमत नाही ती बाई साडेअकरा टक्क्यांवर सही करून आली असती. दहा टक्के म्हणजे २१ हजार आमचे, १ लाख ८९ हजार बँकेचे, दहा वर्षांची मुदत, हप्ता बावीसशे. पैसे बँक थेट विक्रेत्याच्या खात्यात टाकते. आम्ही बँकेला लेखी दिलं की सत्तर टक्के आधी द्या आणि उरलेले नेट मीटर (सोलरसाठी लागणारा वेगळा मीटर) बसल्यावर, आणि याचा पुढे फार उपयोग झाला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम झालं. पहिल्या दिवशी स्ट्रक्चर, दुसऱ्या दिवशी पॅनल आणि इन्व्हर्टर (बॅटरीवाला नव्हे, पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा), तिसऱ्या दिवशी अर्थिंगचे तीन खड्डे, एक एसी करंटचा म्हणजे घराकडच्या विजेचा, एक डीसीचा म्हणजे पॅनलकडच्या विजेचा, एक वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या अरेस्टरचा. तीन खड्डे बघून घ्या, काहीजण एकातच सगळं उरकतात.

आणि त्यानंतर शांतता. पॅनल गच्चीवर, ऊन पडतंय, आणि मीटर नाही म्हणून सगळं बंद. विक्रेत्याला फोन केला की म्हणायचा फाइल वीज ऑफिसात आहे, तिकडून होईना. तीन आठवडे आम्ही तेच खरं मानून बसलो. मग एके रात्री मिस्टरांनी पोर्टलवर लॉगिन करून बघितलं तर अर्ज पुढे सरकलेलाच नव्हता, कारण विक्रेत्याने काम पूर्ण झाल्याची माहिती आणि गच्चीवरचा लोकेशनसह फोटोच अपलोड केला नव्हता. वीज ऑफिसातल्या लोकांना आमचं काम झालंय हे माहीतच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की उरलेले तीस टक्के त्याशिवाय सुटणार नाहीत, संध्याकाळपर्यंत अपलोड झालं. मग तपासणी, करार, मीटर टेस्टिंग आणि १७ जानेवारीला नेट मीटर बसला. हा मीटर दोन्हीकडचं मोजतो, आपण लाइनवरून घेतलेले युनिट वेगळे आणि पॅनलचे जास्तीचे आपण लाइनला दिलेले वेगळे. इन्व्हर्टरचा दिवा हिरवा झाला तेव्हा मुलगा ओरडतच खाली आला.

आता वाटलं झालं सगळं, सबसिडीसाठी बँक डिटेल टाकायचे आणि ३० दिवस थांबायचं. डिटेल टाकले, कॅन्सल चेकचा फोटो टाकला, आणि ते व्हेरिफायच होईना. दोनदा परत आलं. कारण काय तर वीजबिलावर मिस्टरांचं नाव साधं आणि बँकेत त्यांच्या नावापुढे "राव" लागलेलं. सासऱ्यांनी कॉलेजात असताना खातं काढून दिलं होतं, तेव्हा आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे मानाने राव लावलेलं. त्या दोन अक्षरांसाठी ७८ हजार अडकले. आधारवर राव नव्हतं म्हणून बँकेतलं नाव आधारप्रमाणे करून घेतलं, त्यात फेब्रुवारीचे पंधरा दिवस गेले. नंतर परत डिटेल टाकले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी पाचवीच्या वर्गात असताना मिस्टरांचा फोन आला, ते कधीच वर्गाच्या वेळात फोन करत नाहीत म्हणून मी घाबरून बाहेर गेले, तर फक्त एवढंच म्हणाले, "आले." ते सगळे पैसे त्याच आठवड्यात कर्जात भरले.

बिलाचं सांगते. फेब्रुवारीचं पहिलं पूर्ण बिल दीडशे रुपयांच्या आत आलं, म्हणजे स्थिर आकार १२८ आणि त्यावरचं शुल्क. शून्य होत नाही, जाहिरातीत काहीही लिहू दे, स्थिर आकार द्यावाच लागतो. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. आर्थिक वर्ष संपलं की जे शिल्लक राहतील त्याचे पैसे ठरलेल्या दराने बिलात जमा होतात आणि तो दर आपण वीज घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. आमचे जवळपास दोनशे युनिट तसे गेले. पाच किलोवॅट बसवले असते तर कितीतरी जास्त गेले असते, म्हणून वर म्हटलं की तीन किलोवॅटवर थांबलो ते बरं झालं. एप्रिलमध्ये दिवसाला चौदा-पंधरा युनिट दिसायचे ॲपवर, मे महिन्यात मी म्हणत होते आता एसी बिनधास्त लावा, तर २०२५ चा मे सगळा पावसातच गेला, पंचवीस-सव्वीस तारखेला तर मान्सूनच आला, ढगाळ दिवशी पाच युनिटसुद्धा होत नव्हते. सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा तर पंधरा दिवस ऊनच नव्हतं, त्या महिन्याचं बिल हजारावर गेलं. वर्षाचा हिशोब धरला तर तरी महिन्याला सरासरी तीन हजार वाचलेत, आमच्या खिशातून शेवटी गेले १ लाख ३२ हजार आणि व्याज, म्हणजे चार वर्षांच्या आसपास वसूल. पॅनलची हमी २५ वर्षांची आणि पाच वर्षं देखभाल विक्रेत्याने फुकट करायची हे करारातच असतं, ते त्याला आठवण करून द्यावं लागतं एवढंच. पॅनल आम्ही स्वतः पंधरा दिवसांनी सकाळी लवकर साध्या पाण्याने धुतो, बार्शीची धूळ बघता ते करावंच लागतं.

लाइट गेली की हे पण बंद होतं. भर दुपारी ऊन असताना घरात पंखा बंद, हे सासूबाईंना पटत नव्हतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या पॅनलचा करंट लागू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो, असं त्यांना सांगितल्यावर म्हणाल्या, मग बरोबर आहे, त्याच्या घरीपण लेकरं असतील.

आमच्या शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी आहेत, त्यांच्या घरी महिन्याला साठ-सत्तर युनिट जळतात. त्यांनी मला विचारलं तेव्हा २०२४ ला मी त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला परवडणार नाही. आता राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या आणि शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी स्मार्ट नावाची योजना आणलीय, एक किलोवॅटला केंद्राचे ३० हजार आणि वर राज्याचे, दारिद्र्यरेषेखाली असेल तर १७,५००, म्हणजे घरच्यांनी फक्त अडीच हजार भरायचे. आमच्यासारख्या पगारदार घराला ७८ हजार मिळाले याच्यापेक्षा मावशींच्या पत्र्यावर एक किलोवॅट बसलं तर मला जास्त आनंद होईल, त्यांचे कागद मी गोळा करतेय, त्यांचं बिल सुदैवाने त्यांच्याच नावावर आहे.

नणंदेने पण आता पंढरपूरला बसवायचं ठरवलंय. काल रात्री तिला फोन करून बिलावरचं नाव वाचून दाखव म्हटलं. तिच्या सासऱ्यांचं निघालं. ते पण नाहीत आता. सोमवारी ती अर्ज द्यायला जाणार आहे, आणि दिरांची संमती घ्यायला पुण्याला.